आतड्याचा कर्करोग आणि सूक्ष्म आरएनए : संशोधनाची वाट कोठवर आली?



मोठ्या आतड्याचा व गुदाशयाचा कर्करोग हा सधन पाश्चात्त्य देशांचा रोग आहे, अशी समजूत आपल्याकडे दीर्घकाळ होती. ती सर्वस्वी निराधार नव्हती. दर लाख लोकसंख्येमागे या रोगाचे प्रमाण भारतात आजही युरोप-अमेरिकेपेक्षा पुष्कळ कमी आहे. तथापि जगाचा एकूण हिशेब मांडला म्हणजे चित्र गंभीर दिसू लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात जगात या रोगाचे सुमारे १९ लाख नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९ लाख माणसे दगावली. कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंत फुप्फुसाच्या कर्करोगाखालोखाल याचाच क्रमांक लागतो.

७ ऑक्टोबर २०२४ रोजी स्टॉकहोम येथे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रव्हकुन या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांना ते सूक्ष्म आरएनएच्या, म्हणजेच मायक्रोआरएनएच्या शोधाबद्दल मिळाले. अशा प्रसंगी या शोधाचे मर्म सांगण्यापेक्षा त्यातून उद्या निघू शकणाऱ्या औषधाचीच चर्चा अधिक रंगते. गावातल्या एखाद्या घरी रुग्ण अंथरुणाला खिळलेला असतो, उपचारापायी जमीन गहाण पडलेली असते, आणि शहरातला कुणी नातेवाईक अशा बातमीचे कात्रण पाठवून देतो. ते कात्रण घेऊन घरची माणसे शाळेच्या गुरुजींकडे किंवा सरपंचांकडे जातात. हे औषध कोठे मिळते, एवढाच त्यांचा प्रश्न असतो.

त्याचे उत्तर एका वाक्यात देता येते. आतड्याच्या कर्करोगावर सूक्ष्म आरएनएवर आधारलेले एकही मान्यताप्राप्त औषध आज जगात कोठेही उपलब्ध नाही. परंतु एवढ्यावर थांबणे योग्य होणार नाही. ते का उपलब्ध नाही, वाट कोठे अडली आणि कोठे मोकळी होते आहे, हे समजून घेतले तरच विचारणाऱ्याला पटेल असे उत्तर देता येईल.

शरीराच्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या रूपाने एक मूळ दप्तर जपून ठेवलेले असते. त्यातील एकेक नोंद म्हणजे एकेक जनुक. मूळ दप्तर जागचे हलत नाही. हवी ती नोंद उतरवून तिची नक्कल तेवढी बाहेर पाठविली जाते. या नकलेला संदेशवाहक आरएनए म्हणतात. नक्कल बाहेर पोचली की तिच्याबरहुकूम प्रथिन तयार होते, आणि प्रथिनेच पेशीचे सारे व्यवहार चालवितात. हा क्रम शास्त्रज्ञांना १९६० च्या सुमारासच उमगला होता. नक्कल बाहेर पडल्यानंतरही तिच्यावर देखरेख करणारा आणखी कुणी कारकून असेल, ही कल्पना मात्र कुणाला नव्हती. सूक्ष्म आरएनए हा तो कारकून. त्याची लांबी अवघी २२ अक्षरांच्या आसपास असते. त्यातील सात-आठ अक्षरे ज्या नकलेच्या शेपटाशी जुळतात, त्या नकलेवर तो जणू ‘स्थगित’ असा शिक्का मारतो. मग त्या नकलेवरून प्रथिन तयार होणे मंदावते, किंवा ती नक्कलच नष्ट केली जाते. कार्यालयाच्या अनुभवाशी ताडून पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येईल. हा कारकून एकाच टेबलावरचा नाही. एकच सूक्ष्म आरएनए शेकडो निरनिराळ्या नकलांवर शिक्का मारू शकतो.

हा शोध लागला तो केवळ एक मिलिमीटर लांबीच्या एका गोलकृमीत. या कृमीच्या वाढीत गोंधळ करणाऱ्या एका जनुकापासून प्रथिन तयारच होत नाही, तर आरएनएचा एक चिमुकला तुकडा निघतो, असे अँब्रोस यांना आढळले. रव्हकुन दुसऱ्या एका जनुकाचा अभ्यास करीत होते. दोघांनी आपापली अक्षरे एकमेकांसमोर ठेवली, तेव्हा पहिल्या तुकड्याची अक्षरे दुसऱ्या जनुकाच्या नकलेच्या शेपटाशी जुळत असल्याचे दिसून आले. १९९३ च्या डिसेंबरमध्ये दोघांचे निबंध एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात प्रसिद्ध झाले. शास्त्रीय जगताने त्यांची फारशी दखल घेतली नाही. कृमीतील एक वैचित्र्य म्हणून ते बाजूस राहिले. २००० साली रव्हकुन यांच्या प्रयोगशाळेत असाच दुसरा तुकडा सापडला आणि तो माणसासह अनेक प्राण्यांत जसाच्या तसा असल्याचे सिद्ध झाले. तेव्हा कोठे धावपळ सुरू झाली. मूलभूत संशोधनावर खर्च कशाला, असे विचारणाऱ्यांनी ही सात वर्षे जरूर आठवावीत.

कर्करोगाशी या तुकड्यांचा संबंध दिसून येण्यास मग वेळ लागला नाही. २००२ मध्ये कार्लो क्रोचे यांच्या प्रयोगशाळेने रक्ताच्या एका कर्करोगात दोन सूक्ष्म आरएनए नाहीसे झाल्याचे दाखविले. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी मोठ्या आतड्याच्या गाठी तपासल्या. निरोगी आतड्यात विपुल असणारे दोन सूक्ष्म आरएनए या गाठींत फार कमी झालेले त्यांना आढळले. त्यांचे क्रमांक १४३ आणि १४५.

आतड्याचा कर्करोग एका रात्रीत उद्भवत नाही. प्रथम आतड्याच्या अस्तरावर लहानसा मोड येतो. तो वाढत जातो आणि त्यांपैकी काही मोड पुढे कर्करोगाचे रूप घेतात. या वाटचालीस बहुधा दहा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो. या वाटेवर जनुके एकामागून एक कशी बिघडत जातात, याचा आराखडा १९९० मध्ये फिअरॉन आणि फोगेलस्टाइन यांनी मांडला. एपीसी हे आवर घालणारे जनुक बहुधा आरंभीच निकामी होते. के-रास हे वाढीची आज्ञा देणारे जनुक अशा सुमारे ४० टक्के कर्करोगांत बिघडून सतत चालू राहते. पुढे पेशीचा रखवालदार मानले जाणारे पी-५३ जनुकही ढासळते. विलक्षण गोष्ट अशी की यांतील प्रत्येक टप्प्याशी कोणता ना कोणता सूक्ष्म आरएनए निगडित असल्याचे आढळले आहे. १३५ क्रमांकाचा एपीसीला दाबतो. १४३ क्रमांकाचा के-रासला आवरतो. ३४ क्रमांकाचा तर खुद्द पी-५३ च्या हुकमाने कामाला लागतो. आणि २१ क्रमांकाचा नको तेथे शिक्के मारून पेशीच्या वाढीचे लगाम सैल करतो. ज्या रुग्णांच्या गाठीत हा २१ क्रमांक अधिक, ते रुग्ण कमी जगतात आणि त्यांना औषधांचा गुणही कमी येतो, असे २००८ साली अमेरिका आणि हाँगकाँग येथील रुग्णांच्या अभ्यासातून दिसून आले. फ्लुओरोयुरॅसिल या जुन्या आणि आजही आधारभूत असलेल्या औषधाला पेशी दाद देईनाशा होतात, त्यातही त्याचा हात असल्याचे २०१० मध्ये निदर्शनास आले.

येथून उपचाराच्या दोन दिशा स्वाभाविकपणे सुचतात. जो सूक्ष्म आरएनए माजला आहे, त्याच्याशी तंतोतंत जुळणारा उलट अक्षरांचा तुकडा शरीरात सोडून त्याला जखडून टाकावयाचे, ही एक. जो कमी पडला आहे, त्याची हुबेहूब प्रतिकृती प्रयोगशाळेत घडवून ती बाहेरून पुरवावयाची, ही दुसरी. कर्करोगात एक जनुक बिघडलेले नसते, व्यवस्थाच बिघडलेली असते. तेव्हा शेकडो नकलांवर एकदम अंमल चालविणारे औषध अधिक परिणामकारक ठरावे, असा यामागचा तर्क आहे. तर्क आकर्षक आहे, यात शंका नाही. पण ज्या गुणामुळे तो आकर्षक वाटतो, त्याच गुणात धोकाही आहे. शेकडो नकलांवर अंमल म्हणजे आतड्याबाहेरच्या निरोगी पेशींतील व्यवहारांतही हस्तक्षेप.

मुळात अशा औषधाला रोगाच्या गाठीपर्यंत पोचविणेच कठीण. उघडा आरएनए रक्तात सोडला तर तेथील पाचकद्रव्ये काही मिनिटांत त्याचे तुकडे करतात. उरलेला भाग मूत्रपिंडे बाहेर टाकतात. जो वाचतो त्यातील बराचसा यकृत शोषून घेते. पेशीच्या दारापर्यंत पोचला तरी विद्युत्भारामुळे पेशीचे आवरण त्याला सहजी आत घेत नाही. आत घेतलाच तर एका पिशवीत कोंडून ठेवते. म्हणून त्याच्या रासायनिक घडणीत फेरफार करावे लागतात, किंवा स्निग्ध द्रव्याच्या अतिसूक्ष्म गोळ्यांत त्याला गुंडाळावे लागते.

यकृताचे हे शोषून घेणे एका बाबतीत उपकारक ठरले. यकृतदाहाचा सी विषाणू आपल्या वाढीसाठी यकृतातील १२२ क्रमांकाच्या सूक्ष्म आरएनएवर अवलंबून असतो. डेन्मार्कमधील एका औषध कंपनीने त्याला जखडणारे मिराविरसेन हे द्रव्य तयार केले. ३६ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि मात्रेच्या प्रमाणात विषाणू घटल्याचे दिसले. सूक्ष्म आरएनएवर नेम धरणारे औषध माणसात काम करू शकते, याचे ते पहिले प्रात्यक्षिक होय. पण त्याच सुमारास विषाणूला थेट मारणाऱ्या प्रभावी गोळ्या आल्या आणि मिराविरसेन मागे पडले. विज्ञानातही मुहूर्ताला महत्त्व असते, ते असे.

कर्करोगाच्या बाबतीत पहिले पाऊल अमेरिकेतील टेक्सास राज्यात पडले. ३४ क्रमांकाच्या सूक्ष्म आरएनएची प्रतिकृती स्निग्ध गोळ्यांत भरून एमआरएक्स-३४ या नावाने ती रुग्णांना शिरेवाटे देण्यास २०१३ मध्ये सुरुवात झाली. यकृताच्या व अन्य कर्करोगांच्या, उपाय थकलेल्या ८५ रुग्णांनी या चाचणीत भाग घेतला. तिघांच्या गाठी निश्चितपणे आकसल्या. परंतु काही रुग्णांच्या रोगप्रतिकारयंत्रणेत गंभीर स्वरूपाचा क्षोभ उसळला आणि त्यात चौघांचा मृत्यू झाला. सप्टेंबर २०१६ मध्ये चाचणी थांबविण्यात आली. या चार रुग्णांची नावे कुणाला ठाऊक नाहीत. नोबेल पारितोषिकाच्या आनंदात त्यांचा उल्लेख क्वचितच होतो; तो व्हावयास हवा. त्यानंतर या क्षेत्रात जी सावधगिरी आली, तिची किंमत त्यांनी मोजलेली आहे.

आतड्याच्या कर्करोगापुरते बोलावयाचे तर बहुतेक यश अद्याप काचनळीत किंवा उंदरांत आहे. जर्मनीतील संशोधकांनी २०११ मध्ये १४५ आणि ३३ या क्रमांकांच्या प्रतिकृती, माणसाच्या आतड्याच्या कर्करोगाची गाठ रुजविलेल्या उंदरांना दिल्या. गाठींची वाढ मंदावली. पेशींनीच स्रवलेल्या सूक्ष्म पिशव्यांत फ्लुओरोयुरॅसिल आणि २१ क्रमांकाला जखडणारा तुकडा एकत्र भरण्याचे प्रयोगही झाले आहेत. औषधाला दाद न देणाऱ्या पेशी त्यामुळे पुन्हा दाद देऊ लागतात, असे दिसले. उंदराच्या पाठीवर रुजविलेली गाठ आणि माणसाच्या पोटात दहा वर्षे वाढलेला रोग यांतील अंतर मोठे आहे, हे मात्र विसरता कामा नये.

याच संदर्भात १४३ आणि १४५ या जोडीची पुढील कथा सांगण्यासारखी आहे. गाठीत हे दोन्ही कमी आढळतात, म्हणून ते कर्करोगाला रोखणारे असले पाहिजेत, असे दहा वर्षे धरून चालण्यात आले आणि त्यावर शेकडो निबंध निघाले. २०१४ मध्ये अमेरिकेतील जोशुआ मेंडेल यांच्या प्रयोगशाळेने उंदरांवर बारकाईने तपास केला. ज्या अस्तराच्या पेशींतून कर्करोग उद्भवतो, त्या पेशींत हे सूक्ष्म आरएनए मुळात नसल्यासारखेच असतात, असे त्यात निघाले. ते असतात अस्तराखालच्या स्नायू व आधारपेशींत. गाठीत अस्तराच्या पेशींची गर्दी होते आणि आधारपेशींचे प्रमाण घटते, म्हणून सबंध तुकडा वाटून मोजला की हे दोन्ही कमी भरतात. एखाद्या गावात शेतकरी कमी का झाले, याचा शोध रोगराईत घेत बसावे आणि नंतर कळावे की गावाभोवती नवी वसाहत झाल्याने केवळ टक्केवारी बदलली, तसाच हा प्रकार. म्हणजे बाहेरून प्रतिकृती दिल्यास तिचा परिणाम होणारच नाही, असे यावरून ठरत नाही. पण जे हरवले ते परत देतो आहोत, या युक्तिवादाचा पाया त्यामुळे डळमळला. मोजमाप अचूक असूनही निष्कर्ष कसा घसरतो, याचे विज्ञानाच्या शिक्षकांना वर्गात सांगता येईल असे दुसरे उदाहरण सहजी मिळणार नाही.

निदानाच्या बाजूलाही आशा आणि अडचण अशीच शेजारी शेजारी आहेत. रक्तातील ९२ क्रमांकाचा सूक्ष्म आरएनए मोजून आतड्याचा कर्करोग ओळखता येईल, असे हाँगकाँगच्या संशोधकांनी २००९ मध्ये दाखविले. १०० रुग्णांपैकी ८९ या चाचणीने बरोबर ओळखले जातील. परंतु १०० निरोगी व्यक्तींपैकी ३० जणांनाही रोग असल्याचे ती सांगेल, असे त्यांचे आकडे होते. सबंध तालुक्याची तपासणी अशा चाचणीने केली तर किती निरोगी माणसे विनाकारण शहराच्या खेपा घालू लागतील, याचा हिशेब प्रशासनातील मंडळींनीच करावा.

प्रगती थांबलेली नाही. प्रतिकृतीची रासायनिक घडण अधिक टिकाऊ करावी, स्निग्ध गोळीऐवजी तिला फॉलिक आम्लाची जोड द्यावी आणि हे आम्ल अधाशीपणे घेणाऱ्या कर्कपेशींपर्यंत ती आपोआप पोचावी, हा मार्ग अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात चोखाळला जात आहे; उंदरांवरील त्याचे पहिले निष्कर्ष २०१७ मध्ये आले. आतड्याच्या अधिक जवळची बातमी फ्रान्समधून आली आहे. ओबेफाझिमोड ही तोंडाने घ्यावयाची गोळी शरीरातील १२४ क्रमांकाचा सूक्ष्म आरएनए वाढविते आणि दाह कमी करते. मोठ्या आतड्याच्या व्रणयुक्त दाहाच्या रुग्णांवरील तिसऱ्या टप्प्याच्या चाचण्यांचे, जुलै २०२५ मध्ये जाहीर झालेले निष्कर्ष अनुकूल आहेत. हे कर्करोगाचे औषध नव्हे. तथापि दीर्घकाळच्या अशा दाहातून आतड्याच्या कर्करोगाचा धोका वाढतो, म्हणून या वाटेकडे कर्करोगतज्ज्ञांचेही लक्ष आहे. बाहेरून आरएनए पोचविण्याची यातायात येथे टळते, हे विशेष.

तोवर रुग्णाच्या हाती काय आहे? जे आहे ते थोडे नाही. रोग आतड्यापुरता मर्यादित असताना सापडला तर शल्यक्रियेने बहुसंख्य रुग्ण बरे होतात. अमेरिकेतील नोंदींनुसार अशा रुग्णांपैकी सुमारे ९० टक्के पाच वर्षांनंतरही हयात असतात. दूरच्या अवयवांत पसरल्यानंतर सापडला तर हे प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास येते. या दोन आकड्यांतील अंतर कोणत्याही नव्या औषधाने आज भरून निघत नाही.

आपल्याकडे हे अंतर वाढविणारी गोष्ट फार साधी आहे. शौचावाटे रक्त पडले की ती मूळव्याध समजली जाते. संकोचामुळे घरात कुणी बोलत नाही. स्त्रिया तर नाहीच नाही. मलम, चूर्ण, पथ्य यांत महिने जातात. पुष्कळदा ती मूळव्याधच असते, हेही खरे. परंतु रक्त वारंवार पडत असेल, शौचाची नेहमीची सवय काही आठवड्यांपासून बदलली असेल, वजन कारणावाचून घटत असेल, किंवा प्रौढ पुरुषाच्या रक्तातील लोह उगाच कमी झाले असेल, तर डॉक्टरांकडून गुदाशयाची तपासणी आणि आवश्यक तर दुर्बिणीने आतड्याची पाहणी करून घेणे अगत्याचे आहे. शासनाच्या असंसर्गजन्य रोग कार्यक्रमात तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांच्या कर्करोगांची तपासणी होते. आतड्याच्या कर्करोगाचा त्यात समावेश नाही. त्यामुळे लक्षण ओळखून वेळीच पाठविणे हाच येथे मार्ग उरतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील शल्यक्रिया, औषधोपचार व किरणोपचार यांचा समावेश आहे.

राहता राहिले ते कात्रण. सूक्ष्म आरएनएच्या नावाने पैसे घेऊन कुणी उपचार देऊ करीत असेल, तर तो कोणत्या चाचणीचा भाग आहे, हे प्रथम विचारावे. भारतात माणसांवरील नव्या औषधाची चाचणी ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री’ या नोंदवहीत आधी नोंदवावी लागते. ही नोंदवही सर्वांना विनामूल्य पाहता येते आणि प्रत्येक चाचणीला स्वतंत्र क्रमांक असतो. २०१९ च्या नियमांनुसार रुग्णाची लेखी संमती त्याला समजेल अशा भाषेत घ्यावी लागते, आणि चाचणीमुळे इजा झाल्यास उपचाराचा खर्च चाचणी करविणाऱ्याने सोसावयाचा असतो. कर्करोग बरा करून देतो, अशी जाहिरात करणे हा औषधे व जादुटोणादी उपाय (आक्षेपार्ह जाहिरात) कायदा, १९५४ अन्वये गुन्हा आहे. अशी जाहिरात आढळल्यास जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासन कार्यालयाकडे तिची प्रत जोडून लेखी तक्रार करता येते.